चेन्नीची टाप

चौथीत शाळा सुटली माझी, अक्कल नाही सुटली. चाळीस वर्षं म्हैसूरच्या अग्रहारात टांगा चालवला, स्मशानाच्या रस्त्यानंसुद्धा. भूतबीत कधी दिसलं नाही, मी मानतही नाही. तरी हे लिहितोय...

माझा लेक राजू एका मोठ्या रॉक बँडमध्ये गायचा. नाव लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी बँड सोडून एकटाच गायला लागला. मी म्हटलं, "चौघांना सोडून एकटा काय करशील?" तर म्हणे, "अप्पा, तुमच्या टांग्याला घोडे किती होते?" झालं, मी बोलणं टाकलं. आमचे पणजोबा राजाच्या घोडदळात — आम्ही माघार घेत नाही.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी तो दारात उभा.

"अप्पा, परत बँडमध्ये जातोय. तुम्ही जिंकलात."

जिंकलो, पण गोड लागलं नाही. "का रे?"

"एकट्याला कोण ऐकतं? हे शेवटचं रेकॉर्डिंग, तेही बिघडलं. मी आणि गिटार, बस्स. पण मागं टकटक येते. तीनदा पुसून गायलो, अय्यो, परत येते!"

त्यानं फोन माझ्या कानाला लावला.

टक, टक, टक... खळ्.

माझी घोडी चेन्नी! तिच्या मागच्या डाव्या खुराला चीर होती. तिचे नाल मीच ठोकायचो, तिथं एक खिळा कमी. म्हणून चौथं पाऊल सैल वाजायचं. लाजेपायी हे कुणाला सांगितलं नव्हतं. तान्हा राजू तिच्या टांग्यातच झोपायचा. तो सहा वर्षांचा असताना ती गेली.

गाणं संपलं. टापा दोन पावलं पुढं जाऊन थांबल्या. आमच्या दारापाशी ती रोज तशीच थांबायची... दोन पावलं पुढं.

"पुसायला सांगू, अप्पा?"

"हात तोडीन! सुम्ने, गप बस. एका घोडीनं हे घर ओढलं. तूही ओढ एकटा."

एवढी माघार घेतली मी.

रेकॉर्डिंगवाला म्हणतो, मशीनचा दोष. असेल. पण मशीनला खिळा कसा कळला?

परवा राजू अग्रहारातल्या छोट्या हॉलात एकटाच गायला. चाळीसेक माणसं, मी पहिल्या रांगेत कान लावून. टाप काही आली नाही. मग मीच खुर्चीवर बोटांनी धरली... चौथा ठोका सैल.