भरतीच्या वेळेचा नमुना

अंजूरच्या खाडीतून पाण्याचा नमुना नेला, त्या दिवशी अमावस्या होती. तो दिवस मी ठरवून दिला होता. यातलं दुसरं वाक्य मी आजवर कोणाजवळही बोललो नाही.

वहिनी—माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी—भाऊ गेल्यापासून खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, विकून घर चालवत. मग वरच्या अंगाच्या डाईंगचं—कापड रंगवायच्या कारखान्याचं—पाणी खाडीत यायला लागलं. चिंबोऱ्यांना रॉकेलसारखा वास. बाजारात कोणी हात लावेना. वहिनी गुडघ्यापर्यंत निळ्या होऊन परतायच्या नि म्हणायच्या, "माजा लगीन हाय काय भावजी, पाय रंगवलेत ते?"

तक्रार मीच लिहिली. मास्तर मी, घरातला शिकलेला. प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्याचा फोन आला—नमुना घ्यायला कधी येऊ? आणि मी—कसं सांगू तुम्हाला—मी म्हणालो, अमावस्येला या, दुपारी.

अमावस्येला दुपारी उधाणाची भरती असते, हे खाडीकाठी कोणाला शिकवावं लागत नाही. समुद्राचं पाणी आत चढतं, रंग विरून जातो. नमुना घ्यायचा तो ओहोटीला. शहरातून आलेल्या माणसाला हे कुठून ठाऊक? वहिनींना कळलं असतं. म्हणून त्यांना दिवस सांगितलाच नाही. त्या नेमक्या वज्रेश्वरीला गेल्या होत्या—तक्रारीचं काही व्हावं, म्हणून देवीला सांगायला.

का केलं? माझा मुलगा त्याच डाईंगमध्ये नुकताच लागला होता. बस, एवढंच. इतकं क्षुद्र कारण, की लिहितानाही वैताग येतो.

अहवाल आला—प्रदूषण मर्यादेत. तक्रार बंद.

"पैसं खाल्लं त्यानं," वहिनी म्हणाल्या. "तुमी तरी काय करनार, भावजी?"

मी मान हलवली. पुढे गावभर तेच—अधिकारी विकला गेला. प्रत्येक सभेत, प्रत्येक टपरीवर. किती वर्षं ऐकायचं? आणि दरवेळी मीही 'हो ना' म्हणायचं? त्या माणसाने माझ्या घरी चहासुद्धा घेतला नव्हता.

वहिनींनी जाळी देऊन टाकली, गोदामात झाडलोटीला जाऊ लागल्या. गेल्या महिन्यात त्या वारल्या. दहाव्याला लोक म्हणाले, दिराने किती धावपळ केली हो वहिनीसाठी.

त्या अहवालानंतर गावातून कोणी तक्रार केली नाही. खाडीत आता आमच्या घरातलं कोणी उतरत नाही.