ठकुबाईचा बेल

ठकुबाई मूळची अकलोलीची. लग्न होऊन टेमघरला आली, तेव्हा कितीतरी दिवस तिला धड झोपच लागेना. आजूबाजूला कापड विणणाऱ्या लूमचा अखंड खडखडाट, आणि डोळे मिटले की माहेरच्या गरम पाण्याच्या कुंडांवरची वाफ दिसायची. नवरा मोरू लूमवरच कामाला. शिफ्ट संपवून तो कानात तोच आवाज घेऊन घरी यायचा. दोघांत बोलणं असं व्हायचंच नाही.

एका उन्हाळ्यात मोरूचं पोट बिघडलं. डॉक्टरांच्या औषधानं ताप उतरला, जुलाब आटोक्यात आले, पण पोटातला मुरडा जाईना. घास पुढे आला की तो तोंड फिरवायचा. ठकुबाई माहेरी गेली आणि पिशवीभर बेलफळं घेऊन आली. त्यातलं अर्धकच्चं फळ तिनं चुलीच्या गरम राखेत पुरलं. कवच तडकलं, तसा धुरकट, गोडसर वास घरभर भरून राहिला. गर काढून तिनं त्यात गूळ कालवला.

"काय हाय ह्यात?"

"बेल हाय. आमची आय द्यायची. पोटाला बरा. खा सावकाश."

तो खात गेला आणि खाता खाता बोलत गेला. लहानपणी खाडीच्या चिखलात पकडलेल्या निवटे माशांबद्दल, आईच्या हातच्या कालवणाबद्दल. ठकुबाईला वाटलं, आपण जागेपणी स्वप्नच बघतोय.

पिशवीत एक पिकलेलं फळही होतं. त्याचं बी तिनं मागच्या दारी लावलं. मुलाच्या, हरेशच्या लग्नाच्या वर्षी त्या झाडाला पहिलं फळ धरलं. मग चाळीतले लूमवाले दारात यायला लागले.

"चाची, वो भुना बेल मिलेगा?"

ती द्यायची. कच्च्या फळाच्या काचऱ्या उन्हात सुकवून ठेवायची, त्या जुलाबाला. पिकलेल्याचं सरबत कोठा साफ व्हायला. "खून गिरता हो तो पहले डॉक्टर," असं मात्र प्रत्येकाला बजावायची.

आता मोरूला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. लूम बंद असलेल्या दुपारी दोघं बेलाखाली बसतात. उन्हाचे कवडसे त्याच्या पांढऱ्या केसांवरून सरकत राहतात. परवा एक पिकलेलं फळ धपकन पडलं. मोरूची झोप मोडली नाही. ठकुबाईनं ते उचलून नाकाशी धरलं, डोळे मिटून वास घेतला, मग सुनेला हाक मारली, "वैशाली, माठात पाणी हाय का गं? सरबत करू."