महालक्ष्मीचं पत्र्याचं बाळ

अकरा वर्षं माझ्या मायनं दुसऱ्याच्या महालक्ष्म्यांची भांडी घासली आणि ती सगळी वर्षं मी शिकत होतो. दोघांपैकी जास्त काम कुणी केलं, हे कृपया विचारू नका.

आम्ही देऊळघाटचे भाजीवाले. विहिरीला पाणी असलं तर वांगी निघायची, नसलं तर बाबांच्या तोंडून शिव्या निघायच्या. मळ्यात काही ना काही पिकायचंच! भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या त्या मोठ्या घरी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाकडे. ज्येष्ठा, कनिष्ठा आणि त्यांची दोन बाळं. मुखवटे, साड्या, दागिने, पुरण, आंबील आणि सोळा भाज्या. त्या सोळांपैकी तेरा-चौदा आमच्या मळ्यातल्या. माय त्या निवडायची, चिरायची, शिजवायची आणि गावाची पंगत उठली की पातेली घासायला बसायची. थोरल्या काकू, त्यांना आम्ही मोठीमाय म्हणायचो, पदर सावरत सांगायच्या, "कौतिके, तुह्या हाताले लय चव हाय व! राख संपली असन तर चुलीतून घे."

घरं कधीच वेगळी झाली होती. वेगळ्या चुलीवर वेगळ्या महालक्ष्म्या बसवायला कुणाची ना नव्हती. पण गाव जेवू घालायची ऐपत नव्हती. मग मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला! (दुसरा व्हायला पुढे बरीच वर्षं लागली, त्यामुळे तो मान मी निवांत भोगला.) चिखलीच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि मायनं जाहीर केलं, "औंदा महालक्ष्म्या आपल्या चुलीवर."

आता माझ्या व्यसनाबद्दल सांगितलं पाहिजे. तंबाखू नव्हे. तंबाखूचं व्यसन बाबांना समजलं असतं.

माणूस नुकताच चंद्रावर जाऊन आला होता आणि माझं डोकं अजून तिथेच होतं. चिखलीच्या बाजारात एक भंगारवाले चाचा बसत. त्यांच्याकडे मुंबईहून मोडक्या खेळण्यांची पोती यायची. त्यांतून मी पत्र्याचे अंतराळवीर, बिनचाकांची यानं, एका पायाचे यंत्रमानव हुडकून आणायचो. आणायचो म्हणजे नुसते ठेवत नव्हतो हो! तुटलेल्या हाताच्या जागी चमच्याचा दांडा बसवायचा, सायकलच्या दुकानातला रंग द्यायचा, फ्यूज गेलेल्या बल्बची काच डोक्यावर घालून शिरस्त्राण करायचं. माझ्या खोलीत मी त्यांच्यासाठी अख्खा चंद्र बनवला होता. शेणामातीचा. वर राख चाळून टाकलेली, वाटीने दाबून खड्डे पाडलेले आणि मधोमध डालड्याच्या डब्याचं यान.

बाबा दारात उभे राहून गावाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "लोक चंद्रावर जाऊन आले, अन् आमचं पोट्टं चंद्र सारवून राह्यलं!"

"बाबा, ह्याले संग्रह म्हनतात."

"बी.ए. झाला, अन् भावल्या खेळते. दहावीतच थांबला असता तं निदान गोट्या खेळला असता."

या संग्रहाचा राजा होता एक यंत्रमानव. हातभर उंच, चौकोनी छाती, छातीत काचेची खिडकी. किल्ली दिली की चालायचा, खिडकीतून गारगोटीच्या ठिणग्या उडवायचा आणि भिंतीला धडकला की आपोआप वळायचा. त्या पावसाळ्यात तो बंद पडला. शिवणयंत्राचं तेल संपलं होतं म्हणून मी त्याच्या पोटात मायच्या डब्यातलं तूप सोडलं. (माझा विषय इतिहास होता.) किल्ली पूर्ण दिली, खटका दाबला, हलवला, आपटला. ढिम्म! स्प्रिंग गेली, असा सुशिक्षित निष्कर्ष काढून मी त्याला फळीवर उभा केला.

मुखवटे आणायचं काम माझ्याकडे होतं. बुलढाण्याच्या कुंभाराकडून चारही मुखवटे घेतले, सायकलच्या कॅरियरला बांधले आणि गावाच्या अलीकडे चालत्या सायकलवर हँडल सोडून कपाळाचा घाम पुसला. शिकलेल्या माणसाला दोन्ही हात सोडून सायकल येते, हे रस्त्यावरच्या खड्ड्याला पसंत पडलं नाही. दोन्ही आया वाचल्या, मुलगी वाचली. मुलाच्या मुखवट्याचे सात तुकडे झाले.

सण दुसऱ्या दिवशी. कुंभाराकडे जास्तीचा मुखवटा नव्हता.

माय तुकडे ओंजळीत घेऊन बसली. रडली नाही. नुसती म्हणाली, "जाऊबाई आल्या का पह्यलं बाळं मोजतीन. म्हनतीन, गरिबाच्या घरी महालक्ष्मी आली, ते लेकरू वाटेत टाकून आली."

हे ऐकून कुणाचंही काळीज हललं असतं. माझं डोकं हललं. "माय, मी करतो," मी म्हणालो.

"तू काय करशीन?"

"बी.ए. आहे मी."

या उत्तराचा प्रश्नाशी काय संबंध, हे दोघांनीही तपासलं नाही. मी खोलीचं दार लावलं, राजाला फळीवरून उतरवलं, त्याच्या तोंडावर कागदाचा लगदा थापला, डिंक लावला, गुलाबी रंग दिला, भुवया काढल्या, काजळ घातलं. अंगात झबलं, डोक्यावर टोपरं, गळ्यात मण्यांची माळ. सकाळी बाहेर आणलं तेव्हा मायनं मान तिरकी करून पाहिलं.

"भास्कर, चेहरा जरासा चौकोनी नाही काय?"

"मामाच्या वळनावर गेला."

मायनं टोपरं जरा पुढे ओढलं. मामाचा चेहरा खरंच तसा होता. आत काय आहे ते मी सांगितलं नाही. मला वाटलं, काठीवर मुखवटा बसवलाय असंच ती समजते.

पहिला दिवस निर्विघ्न पार पडला. महालक्ष्म्या बसल्या. आणि एकदा बसल्या की उत्तरपूजेपर्यंत कुणी त्यांना हलवायचं नाही, हा नियम तर तुम्हाला माहीत असेलच. मलाही माहीत होता. दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या पंगतीच्या वेळी, तो मला फारच जास्त माहीत झाला.

घर गच्च भरलं होतं. दोन समया, धूप, पुरणाची वाफ, वर पत्र्याचं छत आणि खाली अर्धं देऊळघाट. मोठीमाय आल्या, पाय धुतले आणि सरळ देवीपुढे जाऊन बाळं मोजली. एक, दोन. परत मोजली. दोनच भरली. चेहरा उतरला. मग बारकाईने पाहू लागल्या. साडीची घडी, आंबील, भाज्या. "कौतिके, सोळा झाल्या काय व?"

"झाल्या बाई. मोजून घ्या."

त्यांनी मोजल्या! सोळा भरल्यावर त्यांनी पदर सावरला. मायच्या तोंडावर मी आयुष्यात पहिल्यांदा यजमानीण पाहिली. आणि त्याच क्षणी माझ्या कानावर आलं, टिक.

टिक. टिक.

मी समयांकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं आणि मला इतिहासाऐवजी विज्ञान समजलं. पोटात थिजलेलं तूप वितळत होतं!

"काय वाजून राह्यलं?" मोठीमाय म्हणाल्या.

"घड्याळ," मी म्हणालो.

"तुमच्या घरी घड्याळ कवा आलं?"

"माह्या हातात आहे न!"

"तुह्या हातातलं मले इथलोक कसं ऐकू येते बे?"

बाळाला उचलून पळावं तर हलवायचं नाही. न उचलावं तर ते स्वतःच हलणार. मी ठरवेपर्यंत घर्रर्र करत बाळानं पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. पाटावरून खाली उतरलं, डगमगलं, पण पडलं नाही! छातीतून ठिणग्या उडाल्या, झबल्याला रुपयाएवढं भोक पडलं आणि त्यातून उजेड चमकू लागला.

"बाळ चाललं व माय!" कुणीतरी किंचाळलं. अर्धी पंगत दाराकडे पळाली, अर्धी जमिनीवर आडवी झाली. बाबा पुरणपोळी हातात धरून उभे राहिले ते तसेच. बाळ आमटीच्या बादलीला वळसा घालून निघालं ते थेट मोठीमायपुढे आणि तिथे जाऊन टिक करून थांबलं.

मोठीमायनी लोटांगण घातलं. पण उठल्या त्या वेगळ्याच होऊन. "पाह्यलं सारेजनं? माह्याकडं आलं! लेकराले मोठ्या घरी याचं हाय. पुढच्या सालापासून महालक्ष्म्या पुन्हा आमच्याकडंच."

"असं कसं बाई?" माय पुढे झाली.

"मी थोडीच म्हनून राह्यली? देव म्हनून राह्यला!"

चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. अकरा वर्षं थांबून मिळालेल्या महालक्ष्म्या दीड दिवसात निघाल्या होत्या आणि त्यांना हाकलणारा मीच होतो. गप्प बसावं तर माय पुन्हा मोठ्या घरच्या मोरीवर. बोलावं तर मायनं देवीशेजारी खेळणं बसवलं, अशी गावभर छीथू. मी मायकडे पाहिलं. बी.ए. झालेल्या माणसानं खरं बोललं पाहिजे, असं ठरवलं आणि पंगतीच्या मधोमध उभा राहिलो.

"हा देव नाही. हे खेळनं आहे. ह्याच्या पोटात स्प्रिंग आहे. मीच बसवलं, मायले ठाऊक नाही. दोष माहा."

एक म्हातारी हळूच म्हणाली, "कालेजात गेलं का असंच होते. पह्यलं देव जाते."

"अहो आजी, चावी आहे त्याले!"

"तुले आहे काय चावी? मंग तू काऊन बडबड करून राह्यला?"

लोक हसले. आता प्रयोग करून दाखवल्याशिवाय इलाज नव्हता. मी पुढे झालो, झबलं वर केलं आणि खिशातली किल्ली काढून सगळ्यांसमोर दहा वेळा फिरवली. "पाहा! आता हे चालन. कोनीही चालवू शकते. चमत्कार काहीच नाही."

खटका दाबला. बाळ निघालं. मोठीमायनी ओटी पसरली. बाळ त्यांच्या गुडघ्याला धडकलं आणि भिंतीला धडकल्यावर वळायचं तसं वळलं. ठिणग्या उडवत ते सरळ मायपाशी गेलं आणि तिच्या पायाला टेकून थांबलं.

"परत आलं!" तीच म्हातारी ओरडली. "मोठीले पाया पडून आईपाशी परत आलं!"

साऱ्या घराने हात जोडले. मोठीमायचेही जुळले; काय करतील, साक्षीदार त्यांनीच गोळा केले होते. मी ओरडत होतो, "अहो, ते धडकलं का वळते! यंत्र आहे ते!" पण माझा आवाज आरतीत बुडाला. आरती बाबांनी सुरू केली होती, पुरणपोळी तशीच हातात धरून.

पंगती उठल्या, लोक गेले. मायनं मला बोलावलं आणि हात पुढे केला. "किल्ली दे इकडं."

"माय, तुले समजलं न, ते खेळनं..."

"मले काय समजत नाही काय बे? काल सकाळीच त्याच्या झबल्याच्या आत हात घातला होता मी. लोखंड लागलं." तिनं किल्ली कनवटीला लावली. "तू बोलला तवा कोनी ऐकलं नाही. ते चाललं तवा ऐकलं. आता तू चूप राय."

मी चूप राहिलो. राजा माझ्या चंद्रावर परत आला नाही. दर भाद्रपदात तो पुरण खातो आणि एरवी पेटीत रेशमी रुमालात झोपतो. माझ्या मायच्या चुलीवर महालक्ष्म्या बसल्या त्या बसल्याच आणि गाव त्यांना कौतिकाबाईच्या महालक्ष्म्या म्हणतं. मी पुढे मुख्याध्यापक झालो, निवृत्तही झालो. पण कुणी परका माणूस गावात माझं घर विचारू लागला तर पारावरचे लोक आजही सांगतात, "ते नाही काय, देवासंगं वाद घालाले गेल्ते अन् भर पंगतीत हारले, ते मास्तर!"