शटरवरचा चावीकाका

शटरला गंज चढला होता हे खरं, आणि सही त्यानेच केली होती हेही खरं. मग बोंब मारायची तरी कुणाच्या नावाने? "शहराला सृजनशील ओळख द्यायचीय काका, तुमची गल्ली निवडलीय," असं म्हणत शटरं रंगवायच्या प्रकल्पाच्या बाई कागद घेऊन आल्या, तेव्हा बायको म्हणाली, "करा की सही. शटरला रंग मिळतोय." फुकट ते पौष्टिक! चावीकाकाने चष्मा न शोधताच सही ठोकली. सत्तावीस वर्षं लोकांची कुलपं उघडणाऱ्या माणसाने स्वतःच्या दुकानाला स्वतःच्या हाताने कडी घातली.

रंगवणारी मुलगी गुणी होती. आठ दिवस शिडीवर उभं राहून तिने शटरभर चावीकाका काढला. मिशा, कपाळावरच्या आठ्या, हातात भलीमोठी किल्ली. बायको बघतच राहिली. "घरात इतके छान कधी दिसला नाहीत," म्हणाली. काकाची नजर आधी किल्लीवर गेली. दातांच्या जागी वेलबुट्टी! असल्या किल्लीने जगातलं एक कुलूप उघडणार नाही. पण पोरीचा हिरमोड कशाला, म्हणून त्याने मान डोलावली.

खरं दुखणं दुसऱ्या दिवशी कळलं. त्याने शटर वर केलं, तसं अख्खं चित्र गुंडाळून वर गेलं आणि बाई धावत आल्या.

"काका, सकाळी सात ते संध्याकाळी सहा चित्र बघायची वेळ आहे. शटर खालीच हवं. कागदात लिहिलंय."

"मग मी काम कधी करू?"

"सहानंतर करा ना! आणि दिवसा बाहेर स्टुलावर बसा. खरा कारागीर, किती जिवंत वाटेल!"

किल्ली कापायचं यंत्र आत, कानशी आत, शेजारच्या आजींच्या कपाटाचं कुलूप आत. बाहेर बसून काय मिशा पिळायच्या? आणि सहानंतर त्याला बारीक काम दिसत नसे. दाराशी उजेडात बसून डावा डोळा मिटायचा आणि कुलपाच्या पोटात बघायचं, ही त्याची रीत. बाईंना समजावून सांगितलं, तर त्यांनी "किती सुंदर!" म्हणून ते वहीत लिहून घेतलं.

ही अट काढा म्हणून चार आठवडे त्याने प्रकल्पाच्या कचेरीत खेटे घातले. या खिडकीवरून त्या खिडकीवर, आणि तिथला माणूस जेवायला गेलेला. तोवर जुनी गिऱ्हाइकं पुढच्या चौकातल्या दुकानाकडे वळली. आजी रोज विचारत, "अरे, कपाट उघडं टाकून मी लेकीकडे जाऊ कशी?" एकदा तो चित्रासमोर चरफडत उभा होता, तर एक फोटोवाला म्हणाला, "काका, जरा बाजूला होता का? मध्ये येताय." त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

मग उद्घाटनाचा दिवस उजाडला. समोर नवं माहिती केंद्र, त्याच्या दाराला जुन्या धाटणीचं शोभेचं कुलूप. भर दुपारी, पाहुण्यांच्या देखत बाईंनी त्यात किल्ली फिरवली आणि ती कटकन मोडली. अर्धी हातात, अर्धी कुलपात. पाहुणे घड्याळ बघायला लागले.

"काका! काका कुठायत?"

काका समोर आपल्या दुकानाच्या पायरीवर बसला होता. त्याने शांतपणे बोट दाखवलं. "तो काय, शटरवर. हातात किल्लीपण आहे. त्याला सांगा."

बाईंचा चेहरा उतरला. "असं काय करता? हत्यारं काढा ना लवकर."

"आत आहेत. आणि अजून सहा वाजले नाहीत."

"उघडा हो ते शटर!" बाई चारचौघांत ओरडल्या.

तो उठला. शटर धडाधड वर गेलं. बारीक आकडा घेऊन तो समोर गेला, डावा डोळा मिटला, आणि तिसऱ्या झटक्याला किल्लीचा तुकडा बाहेर आला. मग आकड्यानेच कुलूपही उघडून दिलं. टाळ्या पडल्या. तो वळून बघतो तर बाईंच्या माणसाने शटर पुन्हा खाली ओढलेलं, पाहुण्यांना चित्रासोबत फोटो हवा म्हणून.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याने फोटो होऊ दिला. मग शटर वर केलं, ते ज्यातून सरकतं त्या बाजूच्या पट्टीला ड्रिलने भोक पाडलं आणि वर गेलेल्या शटरच्या बरोबर खाली, दुकानातलं सगळ्यात दणकट कुलूप अडकवलं. आता ओढा म्हणावं.

"काका, हे काय?" बाई म्हणाल्या. "किल्ली द्या ती."

"कारागीर जिवंत हवा होता ना तुम्हाला?" त्याने किल्ली खिशात टाकली. "मग बसू द्या त्याला."

बाई त्याच्या सहीचा कागद आणायला गेल्या. काकाने स्टूल दाराशी उजेडात ओढलं आणि आजींचं कुलूप मांडीवर घेतलं.