क्रोमियम आणि दारापासचं बाकडं

क्रोमियम या धातूमुळं मी एकदा लोहाऱ्याच्या रस्त्यावर चपला हातात घेऊन पळालोय.

माझा विषय इतिहास. बारावीला रसायनशास्त्रात दोनदा आपटलो, म्हणून इतिहास! लेकीचं, श्रावणीचं, तसं होऊ द्यायचं न्हाय असा मी चंगच बांधला होता. तिची प्रात्यक्षिक परीक्षा लोहाऱ्यात, सकाळी अकराला. तोंडी परीक्षेत क्रोमियम विचारलं की पोरीची बोबडी वळायची. म्हणून आठ दिवस तिचंच पुस्तक वाचून मी तयार झालो. (शाळेतल्या पोरांना पानिपत आपापलं वाचायला सांगितलं.)

माकणीहून आम्ही तिघं छोट्या एसटीत बसलो. हॉलतिकीट माझ्या खिशात. पोरगी वेंधळी, हरवंल म्हणून! दारापासच्या बाकड्यावर मी आणि आमची ही. आत पाच बाकडी, त्यावर श्रावणी धरून चारच माणसं, प्रत्येकजण वेगळ्या बाकड्यावर, खिडकीशी. पाचवं रिकामं. मी ताडकन उठलो.

"श्रावणे, हे बघ क्रोमियम! माणसं म्हणजे इलेक्ट्रॉन, बाकडी म्हणजे त्यांची घरं. आम्ही दोघं फोर एस, तुम्ही चौघं थ्री डी!"

"अप्पा, हळू! लोकं बघायलेत."

"बघू दे! रिकामं बाकडं असताना कुणी परक्याला खेटून बसतं का? इलेक्ट्रॉनचंही तसंच. आता इथला एक तिथं गेला की पाच बाकड्यांवर पाच जण. कुणाचा कुणाला धक्का न्हाय. अर्धं का होईना, सारखं भरलं, म्हणून स्थिर! शोभे, ऊठ, तिकडं बस."

"मी का? तुम्हीच जावा की!"

"मी समजावून सांगायलोय न्हवं!"

ही पुटपुटत गेली, खिडकीला टेकली आणि म्हणाली, "खरंच की हो. लई निवांत वाटायलंय." वीस वर्षं माझ्याशेजारी बसून तिला असं कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या गावात पाच माणसं चढली. त्यातल्या एका मावशींनी कोंबड्यांचं डालगं तेवढं माझ्याशेजारी ठेवलं आणि स्वतः आत जाऊन बसल्या. दहाच्या दहा जागा फुल्ल!

"श्रावणे, आता तांबं! पूर्ण भरलं, तेही स्थिर!"

"गुरुजी," कंडक्टर म्हणाला, "बसा खाली, न्हायतर तुम्हाला मी स्थिर करतो."

फाट्यावर मावशी उतरल्या. "दादा, डालगं द्या की खाली." मी डालगं घेऊन उतरलो आणि एक कोंबडी निसटली! बाभळीमागं जाऊन तिला धरली, वळलो, तर डबल बेल. एसटी गेली! आमची ही खिडकीत निवांत. मी शेजारी नसण्याची सवय तिला अर्ध्या तासात झाली होती. आणि हॉलतिकीट माझ्या खिशात, अकराला वीस मिनिटं!

मी पळालो. चपलेचा अंगठा तुटला, दोन्ही हातात घेतल्या. पोरीचं वर्ष जाणार, आणि ते तिच्या बापानं घालवलेलं! पण पळायचं सोडलं न्हाय. शेवटी एका कडब्याच्या टेम्पोनं घेतलं, वर, पेंढ्यांवर. कॉलेजच्या फाटकात श्रावणी रडत उभी. माझ्या हातातलं हॉलतिकीट हिसकून ती आत पळाली, आणि मागोमाग फाटक लागलं.

दुपारी ती बाहेर आली ती हसतच.

"क्रोमियम विचारलं?"

"व्हय. फाडफाड सांगितलं. एसटीच डोळ्यांपुढं आली."

माझी छाती फुगली. "आणखी काय?"

"क्रोमियममधला पहिला इलेक्ट्रॉन कुठला बाहेर पडतो, म्हणले."

एवढं काही मी वाचलं नव्हतं. "मग?"

"म्हणलं, सर, दारापाशी एकटाच बसलेला. आतल्यांचं छान जमलेलं असतं, आणि त्याला कुणी धरून ठेवत न्हाय."

आमची ही पदर तोंडाला लावून हसत होती. परतीच्या एसटीत मी कुणाला काही शिकवलं न्हाय. मुकाट्यानं हिच्याशेजारची जागा धरली आणि माकणी येईस्तोवर हिच्या पिशवीचा बंद घट्ट धरून बसलो.