कोरड्या विहिरीवरचा पाऊस

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते थोरल्या बहिणीचे, चंद्रभागाअक्काचे; आणि भर दुष्काळात तिच्या गावाचं पाणी नऊ दिवस अडवलं ते मी.

अक्कानं रोजगार हमीवर खडी फोडून मला बी.ए. केलं. घराण्यातला पहिला पदवीधर! नांदेडला कारकून म्हणून चिकटलो आणि पदवीला शोभेल असा छंद लावून घेतला. जुन्या बाजारातून मोडके रशियन कॅमेरे आणायचे आणि दुरुस्त करायचे. तीन मेलेल्या कॅमेऱ्यांचे अवयव काढून मी एक जिवंत केला. (तीन स्क्रू उरले. कुठले, ते अजून कळलेलं नाही.)

त्या साली अहमदपूर तालुक्यातलं अक्काचं गाव नव्या लातूर जिल्ह्यात गेलं. नवी कचेरी, नवे साहेब. गावानं टँकर मागितला, तर साहेब म्हणाले, "विहिरीचे फोटो जोडा." सरपंच अहमदपूरहून फोटोवाला आणायला निघालेच होते. सुट्टीत अक्काकडे असलेला मी आडवा आलो.

"घरचा पदवीधर असताना बाहेरचा माणूस कशाला?"

फोटोच्या आदल्या दिवशी कॅमेरा उघडला, तर आत फिल्म दाबून धरणाऱ्या पत्र्याला गंज! धुवायला पाणी कुठलं? अक्का अंगणात राखेनं भांडी घासत होती. मीही चिमूटभर राख उचलली आणि पत्रा लखलखीत केला.

"काय करून राहिलास रे?"

"साफसफाई, अक्का."

"कॅमेऱ्याला राख?"

"शास्त्र आहे ते!"

(शास्त्र नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी आम्ही विहिरीवर गेलो. या कॅमेऱ्याच्या भोकातून बघितलं की माणूस दोनदा दिसतो. कडं फिरवून दोघांचा एक केला की फोटो स्पष्ट येतो. दाजींनी अक्काकडे रोखून डोळा लावला आणि दचकलेच.

"आरं, दोन दिसून राहिल्या! लवकर एक कर बाबा! एकीचंच ऐकून घेणं होईना!"

विहीर खोल, म्हणून मी कॅमेरा उभा धरून बारा फोटो काढले आणि नांदेडला जाऊन छापून घेतले. फोटोंवर पांढऱ्या रेघा होत्या. राखेच्या कणांनी सरकती फिल्म लांबीभर ओरबाडली होती. रेघा मला दिसल्या. खोटं कशाला बोलू? पण माझ्या हातचा पहिला फोटो उमटला होता! त्या आनंदात सरपंचांनाही न दाखवता पाकीट थेट लातूरला धाडलं.

चार दिवसांनी कचेरीचं बोलावणं आलं. कौतुक ऐकायला मीही रजा काढून सरपंचांबरोबर गेलो.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"विहीर, साहेब."

"ती दिसते. तिच्यावर हे काय पडतंय?"

मी वाकून पाहिलं. कॅमेरा उभा, म्हणून रेघाही उभ्या! बाराच्या बारा फोटोंत मुसळधार पाऊस पडत होता. अक्का तर उन्हासाठी घेतलेला पदर सावरत अशी उभी होती, की तिला आडोशाला ये म्हणावंसं वाटावं.

"साहेब, त्या रेघा..."

"पावसात उभं राहून टँकर मागता? पाहणी करू." कागद बाजूला सरकला.

पाहणीची जीप यायला आणखी पाच दिवस गेले. तेवढे दिवस अक्का दोन कोसांवरून घागरी आणत होती. लाजेपोटी मी रजा वाढवून एक घागर उचलली. घरी पोचली ती अर्धीच. अक्कानं तीही जपून झाकून ठेवली. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी जीप आली, ती वाफ सोडतच. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, गाडी तापली. बादलीभर पाणी द्या."

"फोटोतलं घ्या की!" अक्का म्हणाली. "तिथं लई पाऊस पडून राहिलाय!"

साहेबांनी विहिरीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे. विहिरीकडे जास्त आदरानं पाहिलं. अक्कानं बोलता बोलता माझी अर्धी घागर जीपमध्ये ओतलीही होती. टँकर जागेवर मंजूर झाला.

मी मिळेल त्या एस.टी.नं नांदेड गाठलं. तोंडानं माफी मागणं जमलं नाही, म्हणून पत्र लिहिलं:

"सौ. चंद्रभागाअक्कास सविनय जयभीम.

तुझे नऊ दिवस पाण्याविना गेले ते माझ्यामुळे. फोटोवाला येत होता, मीच येऊ दिला नाही; मला गावासमोर मिरवायचं होतं. ज्या हातांनी खडी फोडून मला शिकवलंस, त्याच हातांना मी दोन कोस घागर वाहायला लावली. मला क्षमा कर.

पोस्टमनदादा, अक्काला वाचता येत नाही आणि तुम्ही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं पत्र वाचता, हे मला ठाऊक आहे. तरी वरचा मजकूर कृपया तिच्या कानात वाचावा. मोठ्यानं वाचण्यासाठी पुढील ओळ दिली आहे: 'भाऊ नांदेडला खुशाल असून साहेब त्याच्या हुशारीवर फार खूश आहेत.'"