मुखेडची बंद पडलेली इंजिनं

इंजिनं दुरुस्त होऊन घरी जातात, किस्से मात्र दुकानातच पडून राहतात. फवारणी पंप, गवत कापायची मशीन, कोळपणीचा वीडर अशी छोटी पेट्रोल इंजिनं मी मुखेडला दुरुस्त करतो. इंजिन बिचारं चांगलं काम करतं. बिघाड बहुतेक वेळा मालकात असतो.

*

बाबाराव जाम झालेला फवारणी पंप घेऊन आले. त्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. मिसळलं होतं का, असं विचारलं.

"हाव, घातलं की," ते म्हणाले. "घरच्या करडीचं. एकदम शुद्ध."

*

एक रिटायर गुरुजी नवाकोरा वीडर टेम्पोत घालून आले. दोरी ओढून ओढून खांदा धरला होता. वाटभर ते कंपनीला शिव्या देत होते, असं टेम्पोवाला म्हणाला. मी बटण ऑन केलं, एकदाच दोरी ओढली. इंजिन सुरू.

गुरुजींनी खांदा चोळला. मग म्हणाले, "हे पुस्तकात लिहायला पाहिजे होतं."

पुस्तकाचं प्लास्टिक अजून फाडलेलं नव्हतं.

*

वीडरच्या डेमोला एक पुढारी आले. पांढरे कडक कपडे, फोटोपुरतं हँडल धरायचं होतं. या मशीनच्या क्लचची मूठ सोडली की ते थांबतं. मशीन सुटलं तशी मी क्लच सोडा म्हणून ओरडलो. साहेबांनी घाबरून मूठ आणखी आवळली. उभं सोयाबीन कापत मशीन बांधापर्यंत गेलं आणि मागून साहेब फरफटत.

कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला: 'साहेबांनी स्वतः केली कोळपणी.' ज्याचं सोयाबीन गेलं, तो शेतकरी फोटोत हात जोडून उभा होता.

*

नामदेव नावाचा शेतकरी एकच वीडर तीनदा घेऊन आला. दरवेळी प्लगची वायर निघालेली, बाकी काही नाही. हा गडी निव्वळ अडाणी, असं मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत होतो.

चौथ्यांदा मशीन ठेवून तो चहाला गेला. त्याची बायको शेवंता मागं थांबली.

"सलीमभाई, वायर मीच काढते," ती हळूच म्हणाली.

मी विचारलं, का.

"मशीन चालू असलं की मालक दोन घंट्यात काम उरकून गावात जातात. बंद असलं की खुरपं घेऊन माझ्या शेजारच्या ओळीला बसतात. बारा वर्षांत बोलले न्हाईत तेवढं या पंधरा दिवसांत बोलले."

नामदेव परत आला. किती दिवस लागतील, त्यानं विचारलं.

"पार्ट लातूरहून मागवावा लागतो," मी म्हणालो. "निंदणी संपेपर्यंत तरी येत न्हाई."